हसे कोणाचे?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या भिंतीला वाळवी लागली आणि कपाटे हलवण्याचा प्रसंग आला. पुस्तके झटकून बाहेर काढताना अकरावीच्या राज्यशास्त्राचे एक जुने पुस्तक हाती लागले. एन.सी.ई.आर.टी.ने २००६ साली काढलेले, हिंदी आवृत्ती, 'भारत का संविधान : सिद्धांत और व्यवहार'. चाळताना पहिल्याच प्रकरणातले एक पान बोटांना जाड लागले. पानाच्या एका भागावर पांढरा कागद डिंकाने चिकटवलेला होता. आता तो पिवळा पडला आहे आणि त्याच्या कडा तपकिरी झाल्या आहेत. हा कागद चिकटवणारा हात प्रस्तुत लेखकाचाच. साल २०१२, महिना जून, शाळा उघडायला आठवडा होता. तेव्हा मी मुख्याध्यापक नव्हतो. इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवीत होतो व ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे होती. लेखी आदेश कोणी दिला नव्हता. "सर, उगाच कशाला?" एवढे एक वाक्य कानावर आले आणि मी डिंकाची बाटली उघडली.

कागदाखाली काय आहे हे मला न बघता सांगता येते. शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र. राज्यघटना म्हणजे एक भली मोठी गोगलगाय, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले, हातात चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात उगारलेला चाबूक. आणि पाठीमागे बघ्यांची गर्दी. घटना तयार व्हायला वेळ फार लागतो आहे, ही त्या काळची सार्वत्रिक तक्रार चित्रात उतरली आहे.

हे चित्र वर्गात शिकवताना, म्हणजे कागद लागण्याच्या आदल्याच वर्षी, मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला होता. घर मराठी, वस्ती बौद्ध, वडील यंत्रमागावर. तास हिंदीत चालला होता, पण प्रश्न त्याने मराठीत विचारला. "सर, मागच्यांच्या हातातला चाबूक कोणावर आहे? गोगलगायीवर की बाबासाहेबांवर?" मी म्हणालो, "अरे, उघडच आहे, गोगलगायीवर." तो खाली बसला. तास पुढे गेला.

तो प्रश्न मात्र पुढे गेला नाही, माझ्यापाशीच राहिला. व्यंगचित्राचा इतिहास शिकवताना आपण चित्रकार कोण, साल कोणते, पुढारी कोणता एवढे सांगून मोकळे होतो. चाबूक नेमका कोणाच्या पाठीवर पडतो आणि त्या वेळी हसणारे कोण असतात, हे विचारायचे राहून जाते. मराठी व्यंगचित्रांच्या वाटेने त्या मुलाच्या प्रश्नामागे थोडे चालून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राजकीय व्यंगचित्र आपल्याकडे विलायतेहून आले. लंडनचे 'पंच' १८४१ साली निघाले आणि त्याचे नाव घेऊन हिंदुस्थानात ठिकठिकाणी 'पंच' निघाले. आमच्या बऱ्हाणपुरात हिंदी, मराठी आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात, म्हणून उर्दूचे नाव आधी घेतो. लखनौचा 'अवध पंच' १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी काढला. मुंबईत पारशी मंडळींनी १८५४ मध्ये सुरू केलेला 'पार्सी पंच' पुढे बरजोरजी नौरोजी यांच्या हाती 'हिंदी पंच' झाला. नाव हिंदी, मजकूर इंग्रजी आणि गुजराती, आणि वाचक साऱ्या मुंबई इलाख्यात. साहेबाने आपली थट्टा करायला जे हत्यार घडवले, तेच आपण त्याच्यावर आणि आपल्यातल्या आपल्यांवर धरायला शिकलो. परंतु ही पत्रे बहुधा इंग्रजी शिकलेल्या पुरुषांच्या टेबलावर राहिली. माजघरात ती गेली नाहीत.

माजघरात व्यंगचित्र नेले ते शंकरराव किर्लोस्करांनी, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. शं. वा. किर्लोस्कर यांचा जन्म सोलापूरचा, १८९१ चा. चित्रकलेचे धडे त्यांनी लाहोरला पंडित सातवळेकरांकडे गिरवले, नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, आणि हा शिकलेला चित्रकार काकांच्या नांगराच्या कारखान्यात येऊन दाखल झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा तो कारखाना औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली उभा राहिला होता. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने सुरुवातीला नांगर पडून राहिले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेतच ऐकली असेल. माझ्या मते किर्लोस्करांच्या मासिकाचे मूळ त्या पडून राहिलेल्या नांगरांत आहे. माल खपवायचा तर आधी समजुतीशी भांडावे लागते, हे त्या घराला हिशेबाच्या वहीतून कळले होते.

१९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. पाहता पाहता त्याचे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी भावंडे आली. शंकरराव संपादक आणि चित्रकार एकाच देही. त्यांची व्यंगचित्रे 'टाकाच्या फेकी' या नावाने प्रसिद्ध झाली. नाव किती नेमके पाहा. फेक म्हटली की निशाण आलेच.

निशाण कोणते होते? इंग्रज सरकार नव्हे, निदान मुख्यतः नव्हे. ज्याने वार्षिक वर्गणी मनिऑर्डरीने भरली आहे, ज्याच्या दारात पोस्टमन अंक टाकून गेला आहे, तो वर्गणीदारच निशाणावर होता. त्याचे सोवळे, त्याच्या पत्रिका, त्याचा बुवा, त्याची जातीची उतरंड, त्याच्या घरातली कोंडलेली सून. सनातनी मंडळी चिडली, टीका झाली, तरी टाक थांबला नाही. अंक उघडणारा माणूस आधी चित्राला हसायचा आणि मग त्याच्या लक्षात यायचे की हे धोतर आपलेच आहे. माझ्या आजीच्या पेटीत 'स्त्री'चे काही जुने अंक होते. आजोबा ते वाचायला मना करीत नसत, पण अंकाला हातही लावीत नसत, असे आई सांगे. शंकररावांच्या रेषेत फार मोठी करामत होती असे मी म्हणणार नाही. त्यांच्यानंतर त्यांच्याहून सरस रेषा मराठीत पुष्कळ झाल्या. त्यांचे मोठेपण निशाण निवडण्यात आहे. ज्याच्या पैशावर मासिक चालते त्यालाच हसायचे, आणि तेही त्याच्याच ओसरीवर बसून, याला धाडस लागते.

आता थोडे परदेशात जाऊन येऊ, कारण पुढची गोष्ट समजायला ते उपयोगी पडेल. अमेरिकेत टॉमस नॅस्ट नावाचा व्यंगचित्रकार होऊन गेला (१८४० ते १९०२). न्यूयॉर्क शहराची तिजोरी लुटणाऱ्या ट्वीड नावाच्या पुढाऱ्याला त्याने १८७१ च्या सुमारास चित्रांनी असे झोडपले की त्याच्या पतनाचे अर्धे श्रेय आजही नॅस्टला दिले जाते. व्यंगचित्रकाराने सत्तेला कसे नमवावे याचा दाखला म्हणून त्याचे नाव घेतात. याच नॅस्टने आयर्लंडहून आलेल्या गरीब मजुरांना माकडाच्या तोंडाचे काढले. याच नॅस्टने कॅथलिक धर्मगुरूंना मगरी करून नदीतून शाळेच्या मुलांवर चालून आणले. त्या चित्राला नाव दिले 'अमेरिकेची गंगा नदी'. आपली गंगा फुकटच बदनाम झाली, असो. विशेष म्हणजे नॅस्ट स्वतः लहानपणी जर्मनीहून अमेरिकेत आलेला, म्हणजे बाहेरचाच. हात एक, टाक एक, शाई एक. एकदा चाबूक वर गेला, एकदा खाली आला.

मराठीत हेच दोन्ही 'मार्मिक'मध्ये घडले.

बाळ ठाकरे यांची रेषा हा मराठी चित्रकलेचा अभिमानाचा भाग आहे, याबद्दल कोणाचे दुमत असू नये. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये ते व्यंगचित्रकार होते, आर. के. लक्ष्मण काही काळ तेथे त्यांचे सहकारी होते, आणि डेव्हिड लो हा चित्रकार त्यांचा आदर्श. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' निघाले. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले, आणि पुढे त्याच यशवंतरावांच्या पक्षाला 'मार्मिक'ने सोडले नाही. मधल्या दोन पानांवर 'रविवारची जत्रा' भरायची. पुढारी, मंत्री, बंडखोर, निष्ठावंत, सगळे एका मैदानात; कोणाचे नाक, कोणाची टोपी, कोणाचे पोट. नाव लिहिले नसले तरी माणूस ओळखू यावा ही अर्कचित्राची खरी परीक्षा, आणि ती त्या पानांवर आठवड्याच्या आठवड्याला उतरत होती. एवढे बळ मराठी साप्ताहिकात रेषेला कधी मिळाले नव्हते.

त्याच अंकांत 'वाचा आणि थंड बसा' हे सदर होते. मुंबईतल्या कचेऱ्यांत आणि कंपन्यांत मोठ्या जागांवर बसलेल्या अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात छापल्या जात. मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती, हे दुःख खरे होते. ते कोणी मांडत नव्हते आणि 'मार्मिक'ने मांडले, हेही खरे. पण यादीशेजारी चित्र आले. लुंगी, कपाळावर आडवे पट्टे, आणि 'यंडुगुंडू' हा शब्द. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली ती या वाचकवर्गातूनच. पुढारी असलेला माणूस चित्रात आला की त्याला नाव होते, नाक होते, त्याने केलेले काम होते. लुंगीवाल्याला नाव नव्हते. तो कोणीही होता, म्हणजे सगळेच होते.

हे मी पुस्तक वाचून शिकलो नाही. आमचे वडील रेल्वेत होते आणि आम्ही बऱ्हाणपूर स्टेशनजवळ लालबागेत क्वार्टरमध्ये राहत असू. माझे मामा मुंबईच्या लालबागेत गिरणीत होते. (दोन लालबागांमुळे लहानपणी माझा बराच घोटाळा होई. मुंबईची गिरणी आणि आमची ताप्ती मिल याही मला एकच वाटत.) सुटीत मामा आले की 'मार्मिक'च्या जुन्या अंकांचा गठ्ठा आणीत. आम्ही भावंडे पोटावर पडून ते अंक बघत असू आणि लुंगीची चित्रे आली की लोळून हसत असू.

शेजारी एक तेलुगू गार्ड राहत. त्यांच्या बायकोला आमची आई वहिनी म्हणे आणि आम्ही त्यांना काका म्हणत असू. संध्याकाळी ते लुंगी लावून आमच्या ओट्यावर येत, वडिलांचा पेपर वाचीत. मराठी त्यांना बोलता बऱ्यापैकी येई, वाचता थोडेफार. एका संध्याकाळी पेपरच्या खाली 'मार्मिक'चा अंक होता. त्यांनी तो उचलला, उलटला, एका पानावर थांबले. आम्ही मुले आतून बघत होतो. त्यांनी अंक पूर्वी होता तसाच ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "ड्रॉइंग बहुत अच्छा है, साब." आवाजात राग नव्हता. त्यानंतर ते ओट्यावर येत राहिले, पेपर वाचीत राहिले, त्यांची बदली होईपर्यंत. पण लुंगीवर कधी आले नाहीत. ड्यूटीवरून आल्यावरही पॅन्ट घालूनच येत.

वडिलांनी तो गठ्ठा माळ्यावर टाकला. आम्हाला काही बोलले नाहीत.

मला कळायला आणखी काही वर्षे गेली. सहावीत हिंदीच्या तासाला मी उभा राहून 'दही खट्टी है' वाचले आणि वर्ग फुटला. लिंगाची चूक हा आपणा मराठी मुलांचा हिंदीतला जन्माचा रोग. मग मधल्या सुटीत एक मुलगा फळ्यावर चित्र काढू लागला. टोपी, मिशा, धोतर, आणि खाली 'दही खट्टी है'. चित्र वाईट नव्हते. १९५६ साली राज्ये पुन्हा आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पुढे २००३ मध्ये बऱ्हाणपूरचा वेगळा जिल्हा झाला तरी या बाबतीत काही बदलले नाही. मुंबईच्या लालबागेत आम्ही घरचे आणि येथल्या लालबागेत आम्हीही कोणाचे तरी लुंगीवाले. बेळगावात, बिदरला, हैदराबादेत, इंदुरात राहणाऱ्या वाचकांना हे अधिक फोडून सांगायला नको.

याच्या उलट टोकाला लक्ष्मण यांचा सामान्य माणूस उभा आहे. १९५१ पासून तो 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर येऊ लागला. चौकड्यांचा कोट, धोतर, टकलावर दोन केस, डोळ्यांवर चष्मा. तो एक शब्दही बोलत नाही. मला वाटते लक्ष्मण यांची सर्वांत मोठी युक्ती ती होती. बोलला असता तर कोणत्या तरी भाषेत बोलला असता आणि मग तो कोणा एकाचा झाला असता. म्हैसूरच्या तमिळ घरातल्या या माणसाने मुंबईत बसून काढलेला हा म्हातारा बऱ्हाणपूरच्या विणकरालाही आपला वाटला. लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात वारले. आणीबाणीचे म्हणाल तर त्या काळातले एकच चित्र सांगतो. डिसेंबर १९७५ मध्ये अबू अब्राहम यांनी राष्ट्रपतींना न्हाणीतल्या टबात बसून वटहुकमांवर सह्या करताना काढले. मी हे चित्र दरवर्षी बारावीला दाखवतो आणि मुले दरवर्षी हसतात. ते कोणाला हसत आहेत याबद्दल एकाही मुलाला शंका येत नाही.

शंका आली ती गोगलगायीच्या चित्राला, म्हणून आता तिकडे परत येतो.

शंकर हे भारतीय राजकीय व्यंगचित्राचे पितामह. १९४८ मध्ये त्यांनी 'शंकर्स वीकली' काढले आणि नेहरूंनी स्वतःवरच्या टीकेलाही मोकळीक दिली, ही कथा सर्वश्रुत आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी गोगलगाय काढली तेव्हा घटना समितीची पहिली बैठक होऊन (९ डिसेंबर १९४६) पावणेतीन वर्षे होत आली होती. उशिराची तक्रार एकट्या शंकर यांची नव्हती. घटना समितीतच नझिरुद्दीन अहमद या सभासदाने मसुदा समितीला 'ड्राफ्टिंग' नव्हे, 'ड्रिफ्टिंग कमिटी' म्हटले होते. वाहवत चाललेली समिती!

बाबासाहेबांनी याला २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात उत्तर दिले, आणि ते उत्तर म्हणजे चोख हिशेब आहे. अमेरिकेला चार महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. आपल्याला दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस. पण अमेरिकेच्या घटनेत कलमे सात, आपल्या घटनेत ३९५. शिवाय आपल्याकडे सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्याच्या वर्षभर आधी, ५ नोव्हेंबर १९४८ रोजी, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याच सभागृहात सांगून ठेवले होते की मसुदा समितीच्या सात सभासदांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत गेले, कोणी संस्थानांच्या कामात गुंतले, कोणी दिल्लीपासून दूर राहिले, आणि सारा भार शेवटी डॉ. आंबेडकरांवर पडला. म्हणजे गोगलगायीवर जो बसला होता तोच तिला ओढीतही होता. चित्रात हे नाही. व्यंगचित्राला एका चौकटीत सगळे सांगता येत नाही हे मान्य. पण जे वगळले जाते ते नेहमी एकाच माणसाच्या वाट्याचे का असते, हेही विचारले पाहिजे.

२०१२ च्या मे महिन्यात या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. ११ मे रोजी मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागून चित्र काढण्याची घोषणा केली. पुस्तकाचे मुख्य सल्लागार योगेंद्र यादव आणि पुण्याचे प्रा. सुहास पळशीकर यांनी त्याच दिवशी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या खोलीची मोडतोड झाली. नंतर सगळ्याच पुस्तकांतली चित्रे तपासायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले. समितीने आणखी बरीच चित्रे काढायला सांगितली, एम. एस. एस. पांडियन या एका सभासदाने भिन्नमतपत्रिका जोडली. पुस्तक करणारा एक मराठी माणूस, पुस्तक तपासणारा दुसरा मराठी माणूस, आणि ज्यांच्यासाठी हे चालले होते ते बाबासाहेब.

त्याच वर्षी सप्टेंबरात कानपूरच्या असीम त्रिवेदी या चित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. ज्या १२४-अ कलमाखाली टिळकांना दोनदा शिक्षा झाली तेच हे कलम. पुढच्याच महिन्यात सरकारने ते मागे घेतले, आणि १७ मार्च २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की सरकारवरची टीका, शब्दांत असो वा चित्रात, हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी देत नसेल तर राजद्रोह होत नाही. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये थांबवून ठेवले आणि १ जुलै २०२४ पासून मूळ दंडसंहिताच बदलली. हे कायद्याचे झाले. डिंकाच्या बाटलीला कोणतेच कलम लागत नाही.

पळशीकरांच्या खोलीवरचा हल्ला निंद्य होता, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. चित्र पुस्तकात असावे, असेच माझे मत होते आणि आहे. पुस्तकाने त्या चित्राखाली मुलांनाच प्रश्न विचारला होता. बरोबर शिकवले असते तर एक उत्तम तास झाला असता. मग मी कागद का चिकटवला? भ्यालो म्हणून. आणि भिण्यापूर्वी एक वर्ष, संधी समोर उभी असताना, मी तो तास घेतला नव्हता.

कपाटे लागली त्या आठवड्यात योगायोगाने तो मुलगा भेटायला आला. आता तो खंडव्याला वकिली करतो. मी त्याला पुस्तक दाखवले, कागद दाखवला. त्याने आपल्या पिशवीतून नाही, पण आपल्या बोलण्यातून दुसरे एक पुस्तक काढले. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे गोळा करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. ती त्याने पाहिली होती. "सर, एक चित्र पाहिलं तर विनोद वाटतो," तो म्हणाला. "ओळीनं पाहत गेलं की बाबासाहेब सारखे कुठे लहान काढलेत, कुठे बाईच्या वेशात, कुठे लोकांच्या पायाशी. मग गोगलगाय परत पाहा."

मी म्हणालो, "पण म्हणून चित्र झाकावं का?"

"नाही," तो म्हणाला. "कागदाचं मला काही वाटलं नाही. मी तर तेव्हा बारावीला होतो, ते पुस्तक माझ्याकडे नव्हतंही. मला त्याच्या आधीचं आठवतं."

"तुझा चाबकाचा प्रश्न?"

"प्रश्न नाही, सर. तुम्ही 'उघडच आहे' म्हणालात ना, तेव्हा वर्ग हसला होता."

मला हे आठवत नव्हते. खरोखर आठवत नव्हते. प्रश्न आठवत होता, तो खाली बसलेला आठवत होता, हसणे तेवढे गळून गेले होते.

मी बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबरच्या भाषणाची हिंदी प्रत कपाटातून काढून दिली आणि आकडे असलेल्या पानावर खूण करून दिली. त्याने ती चाळली, मग जुने पुस्तक खिडकीपाशी नेले आणि कागदाची कड नखाने उचलून पाहिली. डिंक पक्का बसला होता. थोडा कागद सुटला, त्याबरोबर खालच्या छापाचा पापुद्रा येऊ लागला. "राहू दे," मी म्हणालो. त्याने हात काढला, पण पुस्तक ठेवले नाही. "हे मी घेऊन जाऊ का, सर? ओल्या कपड्यानं हळूहळू निघेल."

नोंदवहीत त्याचे नाव लिहून घेतले, सही घेतली. परतीच्या तारखेचा रकाना कोरा ठेवला आहे.